भिंतीला पोट आलं

माझ्या सासऱ्यांना सगळे ओळंबा म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्याचा राग येत नाही, उलट आवडतं. गवंडी दोरीला टांगलेलं पितळी वजन सोडून भिंत सरळ आहे की नाही ते बघतो, तो ओळंबा. आमचे आबा माणसंही तशीच बघतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा भावाने चौकशी केली, तर कुणीतरी त्याला सांगितलं की माणूस सरळ आहे, फक्त बोलणंही सरळ आहे, तेवढी तयारी ठेवा. मला ते बोलणं कधी टोचलं नाही. मी तरी कुठे साखर पेरून बोलते?

टोचायचं ते सासूबाईंचं. त्यांना आमचे गडी मागून इन्स्पेक्टर म्हणतात. घासलेलं भांडं पुन्हा उजेडात धरून बघायचं, झाडलेल्या खोलीत कोपऱ्यात बोट फिरवायचं, आणि मग काही न बोलता ते बोट माझ्यासमोर धरायचं. बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. त्या बोटाला काय उत्तर देणार? वर्षानुवर्षं एका घरात राहून आम्ही दोघींनी एकमेकींना सोसलं, आणि खरं सांगायचं तर दोघीही सोसायला अवघडच.

आमचं काम घराभोवतालच्या मोकळ्या जागेचं. अंगणात फरसबंदी करायची, फाटकापासून दारापर्यंत पायवाट घालायची, आणि घर उतारावर असेल तर मागच्या मातीला धरून ठेवणारी भिंत बांधायची. नवरा आणि दोन गडी प्रत्यक्ष काम करतात. मी मापं घेते, दगड निवडते, गिऱ्हाइकांशी बोलते आणि वेळ पडली तर भांडते. आबांचा खांदा धरल्यापासून ते दगड उचलत नाहीत, पण कामाच्या जागी खुर्ची टाकून बसतात. फरशीखालची खडी नीट धुमसली नाही तर ते खुर्चीतूनच सांगतात, आवाज पोकळ येतोय, अजून मारा. गडी कुरकुरतात, पण मारतात. आमच्या पायवाटा वर्षानुवर्षं खचत नाहीत त्या या कुरकुरीमुळेच.

भिंतीच्या बाबतीत त्यांचं एकच म्हणणं. माती भिंत पाडत नाही, मातीत अडलेलं पाणी पाडतं. म्हणून भिंतीच्या मागे खडी भरायची आणि तळाशी, ठरावीक अंतरावर, आरपार पाइपाचे तुकडे ठेवायचे, म्हणजे पाणी बाहेर पडतं. बांधकाम चालू असताना या पाइपांत सिमेंट जाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडात चिंध्यांचे बोळे कोंबतात. काम संपलं की ते काढायचे. हे काढणं आबांनी कधी कुणावर सोपवलं नाही. सगळे हत्यारं गोळा करून निघाले तरी ते गुडघ्यावर बसून एकेक बोळा ओढून काढायचे, पाइपात काठी घालून बघायचे आणि मगच कपडे झटकायचे. घाईने घरी निघालेल्या नवऱ्याने एकदा म्हटलं, आबा, उद्या काढू. त्यावर आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा तसं कधी बोलला नाही.

आमचं स्वतःचं घरही उतारावरच आहे. मागच्या दारातून बाहेर पडलं की काळ्या फरशीचं अंगण, आणि अंगणाच्या कडेला आबांनी ऐन उमेदीत बांधलेली दगडी भिंत, माझ्या खांद्याएवढी. भिंतीच्या वर, उंचावर, वरच्या बाईंची बाग. आबांना या भिंतीचा भारी अभिमान. कुठलंही नवं गिऱ्हाईक आलं की आधी चहा, मग भिंत. एक लांब सागवानी पट्टी ते भिंतीला उभी लावायचे आणि म्हणायचे, कुठूनही बघा, पट्टीखालून उजेड येतोय का. यायचा नाही. गिऱ्हाईक खूष व्हायचं, आबा त्याहून खूष.

त्या दिवशीही तसंच व्हायला हवं होतं. एक चष्मेवालं जोडपं आलं होतं, घरामागे भिंत घालायची म्हणून. आबांनी पट्टी लावली आणि पट्टी डुलली. वर दाबली की खाली सुटत होती, खाली दाबली की वर. आबांनी दोन हात पलीकडे लावली, तिथेही तेच. भिंतीला पोट आलं होतं. नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं, पण पट्टी खोटं बोलत नाही, हे आबांनीच आम्हाला शिकवलेलं.

त्या जोडप्याला काही समजलं नसतं. मी पट्टी हातातून घेऊन वेळ मारून नेणारच होते, पण आबांनी पट्टी खाली ठेवली आणि त्यांना सरळ सांगितलं, की ज्याची घरची भिंत फुगली त्याच्याकडून तुम्ही भिंत बांधून घेऊ नका. ते दोघं चहा अर्धा टाकून गेले. आबा बराच वेळ भिंतीला पंजा लावून उभे राहिले.

पुढचे दिवस घरात फार वाईट गेले. आबांनी अंगणात दोरी बांधली आणि कुणी भिंतीजवळ बसायचं नाही असं बजावलं. मग पट्टी सायकलला बांधून ते आपण बांधलेल्या जुन्या भिंती तपासत फिरायला लागले. लोकांच्या अंगणात जायचे, पट्टी लावायचे, काही न बोलता परत यायचे. सगळ्या भिंती जागच्या जागी होत्या. मला वाटलं, चला, जीव भांड्यात पडला. पण त्यांचं उलटंच झालं. दुसऱ्यांच्या भिंती चुकून टिकल्या असतील, म्हणाले, घरच्या कामात माणूस सगळ्यात जास्त जीव ओततो, तिथेच हात चुकला तर तो हात कसला. एका संध्याकाळी त्यांनी ओळंबा, थापी, गुण्या सगळं पोत्यात गुंडाळलं आणि नवऱ्याला माळ्यावर ठेवायला लावलं. यापुढे आपण फक्त फरशी घालायची, भिंती नाही, एवढं बोलले आणि न जेवता झोपले.

आमच्या ह्यांचा स्वभाव असा की वडिलांपुढे तोंड उघडायचं नाही आणि बायकोपुढे मिटायचं नाही. त्यांनी सगळी चिडचिड माझ्यावर काढली. भिंत उतरवून नव्याने बांधायला हवी हे त्यांनाही दिसत होतं, पाऊस लागायच्या आत. पण आबांना हे सांगणार कोण? शेवटी मी सांगितलं. आबा फक्त म्हणाले, उतरवा, माझं काही म्हणणं नाही. ओळंब्याचं काही म्हणणं नाही, हे ऐकून मला रडू आलं. मी सहसा रडत नाही.

या सगळ्यात सासूबाई गप्प होत्या. त्यांचं बोट कुठल्याच कोपऱ्यात फिरेना. आबांचं ताट वाढायच्या, समोर बसायच्या, ताट तसंच परत न्यायच्या. रोज सकाळी घासून काढायचं ते अंगण त्यांनी दोरी बांधल्यापासून धुतलं नव्हतं. मी म्हटलं, काळजीने झालं असेल. माझ्या मनात त्यांच्याविषयी चांगलं काही फारसं येत नाही, त्या दिवसांत मात्र आलं.

गडी दुसऱ्या दिवशी येणार होते, म्हणून मी भिंतीच्या पायथ्याच्या कुंड्या हलवायला घेतल्या. या कुंड्या सासूबाईंच्या. एकीला एक चिकटून, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कुणी हलवायच्या नाहीत असा कायदा. झाडताना सुद्धा मी केरसुणी त्यांच्या पुढूनच फिरवायची. पहिली कुंडी बाजूला केली आणि मागे बघते तर पाइप कुठेच नाही. पाइपाच्या जागी सिमेंटचा एक गोल थापलेला. पुढची कुंडी काढली, तिथेही तसाच. सगळ्या पाइपांची तोंडं बंद होती. आणि ते थापीचं काम नव्हतं. बोटांनी लिंपलेलं होतं, अगदी काळजीने, कडा गुळगुळीत करून. एवढ्या निगुतीने लिंपणारी बोटं आमच्या घरात एकाच माणसाची.

मी कुंड्या जागच्या जागी ठेवल्या आणि तडक स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मटार सोलत होत्या. मी आडपडदा न ठेवता विचारलं.

“आई, पाइप तुम्ही बुजवले?”

त्यांनी वर बघितलं नाही. हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, मग हात थांबला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाइपांतून गढूळ पाणी यायचं आणि त्यांच्या काळ्या फरशीवर लाल ओघळ उमटायचे. सकाळी घासावेत तर दुपारी पुन्हा. त्यांनी आबांना कितीदा सांगितलं. आबा दरवेळी हसून म्हणायचे, पाणी येतंय म्हणजे भिंत चांगली आहे, येऊ दे. मी बाळंतपणाला माहेरी होते आणि आबा दूरच्या कामावर राहायला गेले होते, तेव्हा एका दुपारी सासूबाईंनी चिंध्या कोंबल्या, उरलेलं सिमेंट कालवलं आणि काम उरकलं. वर कुंड्या मांडल्या. आबांनी परत आल्यावर विचारलं, पाणी थांबलं कसं? यांनी सांगितलं, वरच्या बाईंनी बागेचा गळका नळ बदलला. आणि आबांनी ते मानलं. गावभरच्या भिंतींना पट्टी लावणाऱ्या माणसाने बायकोच्या शब्दाला कधी पट्टी लावली नाही.

“मला काय माहीत एवढंसं बुजवून एवढी मोठी भिंत फुगेल,” सासूबाई म्हणाल्या.

“माहीत नव्हतं, ठीक. आता तर माहीत आहे ना? तो माणूस आतल्या आत खचतोय. सांगून का नाही टाकत?”

“कसं सांगू? जो येईल त्याला सांगतात, घराचं मला काही बघावं लागत नाही, ती बघते. एवढं एकच कौतुक केलंय त्यांनी माझं. आता जाऊन सांगू, तीच तुमची भिंत पाडत होती म्हणून?”

मला त्यांची कीव आली, पण रागही आला, आणि माझा राग किवेपेक्षा नेहमीच तडफदार. मी म्हटलं, सकाळी गडी येतील, त्याच्या आत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. मटाराचे दाणे आणि साली एकाच भांड्यात पडत होत्या, ते मी त्यांना दाखवलं नाही.

सकाळ झाली. सासूबाई चुलीपाशी, तोंडाला कुलूप. मी दोनदा खाकरले, डोळे मोठे केले, भांडं आदळलं. काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात गडी आले. एक लांब्या, आणि दुसरा मुका, ज्याची जीभ दिवसभर थांबत नाही म्हणून त्याला मुका म्हणतात. नवरा पहार घेऊन वरच्या थराला हात घालणार तोच आबा अंगणात आले. म्हणाले, आधी दगड काढू नका. मागे पाणी साठलेलं असेल तर भिंत अंगावर येईल. पहिल्यांदा पाइप मोकळे आहेत का बघू.

ते दोरी ओलांडून गेले आणि खाली वाकून त्यांनी स्वतः कुंडी सरकवली. खांद्यात कळ आली असणार, तोंड वाकडं झालं. मग ते तसेच वाकलेले राहिले. दुसरी कुंडी सरकवली. तिसरी. मी दारात उभी होते, मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत त्यांनी छिन्नी मागितली.

छिन्नीच्या चारपाच घावांत सिमेंटची टिकली निघून पडली. आत बोळा होता. आबांनी तो ओढला, आणि मागोमाग पाणी आलं. थेंब थेंब नाही, भस्सकन आलं, लालभडक गढूळ, आणि काळ्या फरशीवर पसरत थेट दारापर्यंत. लांब्या आणि मुका उड्या मारून बाजूला झाले. आबांच्या हातात तो बोळा होता. चिखलाने माखला होता, तरी मी दारातून ओळखला. निळ्या चौकड्यांचा शर्ट, बाहीचं बटण अजून लागलेलं. माझ्या लग्नात आबांनी तो नवाकोरा घातला होता. भिंत तर माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. माझ्या नवऱ्याला लग्नात मी काय नेसले होते तेही आठवत नाही, त्यामुळे हा शर्ट, किंवा या पाइपांतून पूर्वी येणारं पाणी, त्याच्या लक्षात येण्याचा प्रश्न नव्हता. पण आबांच्या आलं. त्यांनी बटणावरचा चिखल अंगठ्याने पुसला, मान वळवून दाराकडे बघितलं आणि बोळा खिशात घातला.

“काय निघालं?” नवऱ्याने विचारलं.

“काही नाही,” आबा म्हणाले. “बोळे काढायचे राहिले होते माझे. बांधताना घातलेले, वर सिमेंट बसलं, तसेच राहिले.”

मुक्याची बोलती बंद झाली. लांब्याने खाली बघितलं. ओळंबा बोळे काढायला विसरला, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत प्रत्येक बांधकामावर पोचणार, हे आबांना माहीत नव्हतं असं नाही. बोळे विसरणारा गवंडी म्हणजे कसला गवंडी, हे त्यांनीच आजवर दहा जणांना तोंडावर सुनावलेलं. आयुष्यात हा माणूस खोटं बोलला नव्हता. आणि बोलला तर हे बोलला. खरं सांगावं तर त्यांचं खोटं पडतं, आणि गप्प बसावं तर त्यांचं नाव जातं. मला काय करावं ते कळेना, आणि असं मला फार वेळा होत नाही.

माझ्या मागे सासूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता त्यांना काहीच करायची गरज नव्हती. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं, मी सुद्धा त्या घडीला काही बोलले नसते. त्यांनी ट्रे माझ्या हातात दिला आणि अंगणात उतरल्या. पायात चप्पल नव्हती. चिखलाच्या पाण्यातून चालत त्या दोरीपाशी गेल्या.

“बोळे ह्यांनी काढले होते,” त्या म्हणाल्या. आवाज एवढा मोठा की वरच्या बाईंनाही ऐकू गेला असेल. “सगळे काढले होते. मी परत घातले.”

“तू आत जा,” आबा म्हणाले.

“नाही जात. ह्या दोघांना ऐकू दे. फरशी खराब होते म्हणून मी बुजवले आणि तुमच्याशी खोटं बोलले. तुमचा हात चुकलेला नाही.”

पाइपातून पाणी येतच होतं, पण त्याचा जोर कमी झाला होता. आबांनी खिशातून बोळा काढला आणि उलटा सुलटा करून बघितला. मला वाटलं आता बोलतील, त्यांच्या नेहमीच्या सरळ पद्धतीने, आणि सासूबाई तिथेच कोसळतील. मी ट्रे खाली ठेवला.

आबांनी फरशीकडे बघितलं. सगळीकडे लाल गाळ झाला होता.

“एवढं खराब व्हायचं?” त्यांनी विचारलं.

“रोज,” सासूबाई म्हणाल्या.

“तू सांगायचीस.”

“सांगायचे.”

“लोकांच्या भिंतीपुढे मी नाली काढून देतो. पायथ्याला वीतभर खोल खणायचं, खडी भरायची, पाणी कडेने निघून जातं. फरशीला थेंब लागत नाही. मुक्याला विचार. लोकांना काढून देतो, आणि घरी तू सांगितलंस तर हसलो.” ते थांबले. “म्हणजे मी मघाशी काही खोटं बोललो नाही. राहिलं ते माझंच राहिलं.”

सासूबाईंनी पालथ्या हाताने डोळे पुसले. मग आबांनी त्यांना एक प्रश्न विचारला. एवढ्या वर्षांत या अंगणातल्या एकाही दगडाविषयी त्यांनी सासूबाईंना काही विचारलं नव्हतं, हे मला त्या प्रश्नावरूनच कळलं.

“नाली कुठून काढू? तू सांग.”

घरातल्या प्रत्येकाला काय कुठे ठेवायचं ते सांगणाऱ्या माझ्या सासूबाई गोंधळल्या. त्यांनी एकदा आबांकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. मग आपल्या एरवी घासूनपुसून ठेवलेल्या काळ्या फरशीवरच्या गाळात पायाच्या अंगठ्याने रेघ ओढायला सुरुवात केली, भिंतीच्या या कोपऱ्यापासून, कुंड्यांच्या पुढून, पार त्या कोपऱ्यापर्यंत. आबा त्यांच्या मागोमाग चालत होते आणि रेघ बघत होते.

“इथे जरा वाकडी झाली,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला हाक मारली आणि माळ्यावरून ते पोतं खाली काढायला सांगितलं.